रानपिंगळा कोणत्या वंशाचा?

प्राण्यांच्या शास्त्रीय वर्गीकरणाची मांडणी उतरंडीसारखी आहे. एकमेकांपासून प्रजोत्पत्ती करू शकणाऱ्या सारख्या प्राण्यांची मिळून एक जाती होते. जवळच्या जातींचा वंश, वंशांचे कुल, कुलांचा गण, गणांचा वर्ग आणि वर्गांचा संघ असे एकेक पायरी वर जाता येते. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत किंवा आसपासच्या कोणत्याही गावात तिन्हीसांजेला जुन्या झाडाच्या ढोलीतून बाहेर येऊन कर्कश चिरचिरणारा ठिपकेदार पिंगळा या उतरंडीत पक्क्या जागी बसलेला आहे. त्याची जाती ब्रामा, वंश अथीनी, कुल स्ट्रिजिडी, गण स्ट्रिजिफॉर्मिस, वर्ग पक्षी आणि संघ रज्जुमान प्राण्यांचा. गव्हाणी घुबडही त्याच गणातले, पण त्याचे कुल टायटोनिडी हे वेगळे. वंश आणि जाती ही दोन नावे जोडली की प्राण्याचे शास्त्रीय नाव तयार होते, म्हणून पिंगळ्याला जगभर अथीनी ब्रामा म्हणतात.

पिंगळ्याची जागा केव्हाच ठरली. त्याचा नातलग रानपिंगळा मात्र १८७३ सालापासून २०१८ पर्यंत दोन वंशांच्या मध्ये अडकून राहिला. या काळात तो एकशे तेरा वर्षे बेपत्ता होता, त्याच्या एका नमुन्याची चोरी झाली आणि खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलतीकडेच चालला. वर्गीकरण कशाच्या आधारावर उभे असते आणि तो आधार कुठे खचतो, हे या एका छोट्या पक्ष्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते. या इतिहासाची सुरुवात लाखनीवरून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यावर झाली.

नागपूरहून निघून भंडारा, लाखनी, साकोली करत रायपूरकडे आणि पुढे संबलपूरकडे जाणारा हा रस्ता इंग्रजी अमलात ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून ओळखला जाई. आज त्यावरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी संबलपूर त्याला जोडले गेले, त्यामुळे भंडारा, रायपूर आणि संबलपूर ही तिन्ही ठिकाणे तेव्हा एकाच प्रांतात होती. नागपूरच्या पूर्वेला अजून रेल्वे आलेली नव्हती. या रस्त्यावर रायपूरच्या पुढे, सरायपालीजवळ, बसना आणि फुलझर ही ठिकाणे लागतात. १८७२ साली तिथल्या जंगलात फ्रान्सिस रॉबर्ट ब्ल्यूइट या अधिकाऱ्याला एक लहान घुबड मिळाले. ब्ल्यूइट रायपूर-संबलपूर भागातले पक्षी आणि अंडी जमवून अॅलन ऑक्टेव्हिअन ह्यूमकडे पाठवत असे. हे घुबडही तिकडे गेले.

ह्यूमच्या टेबलावर ते पोचले तेव्हा वर्गीकरणाची शिस्त शंभर वर्षांहून जुनी झाली होती. स्वीडनच्या कार्ल लिनीअसने १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावे सरसकट दिली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ आजही त्याच आवृत्तीपासून धरला जातो. लिनीअसने चोच, पाय आणि इतर उघड दिसणारी लक्षणे पाहून गट पाडले. घुबडांना त्याने गिधाडे आणि ससाण्यांबरोबर शिकारी पक्ष्यांच्या गणात घातले, आणि आकड्यासारख्या चोचीमुळे खाटीक पक्षीसुद्धा त्यांच्यातच आला. सगळ्या घुबडांसाठी त्याने स्ट्रिक्स हा एकच वंश ठेवला. पुढे जगभरातून घुबडे येऊ लागली तसा हा कप्पा अपुरा पडला. १८२२ साली जर्मनीच्या फ्रीड्रिख बोयेने लहान घुबडांसाठी अथीनी हा वंश वेगळा काढला.

ठिपकेदार पिंगळ्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८२१ मध्ये. डच शास्त्रज्ञ टेमिंकने तेव्हा त्याला स्ट्रिक्स ब्रामा म्हटले. दहा वर्षांनी जेम्स फ्रँकलिनने विंध्याच्या बाजूच्या पक्ष्यांची यादी करताना त्याच पक्ष्याला नोक्टुआ इंडिका हे दुसरे नाव दिले. असे प्रकार सर्रास घडत. लंडनमध्ये एक, पॅरिसमध्ये दुसरे आणि कोलकात्यात तिसरे नाव छापून येई आणि कोणाचे मानायचे हे कळेनासे होई. म्हणून १८४२ साली ब्रिटनमध्ये ह्यू स्ट्रिकलंडच्या पुढाकाराने नियम बांधले गेले. ते बांधणाऱ्या समितीत चार्ल्स डार्विनही होता. मुख्य नियम असा की योग्य रीतीने प्रसिद्ध झालेले सर्वांत जुने नाव टिकेल. त्यानुसार जातीचे ब्रामा हे नाव राहिले, वंश बदलून अथीनी झाला, आणि फ्रँकलिनचे इंडिका हे नाव उत्तर व मध्य भारतातल्या पिंगळ्यांच्या उपजातीपुरते उरले.

महाराष्ट्रातही हे काम लवकर सुरू झाले होते. कर्नल विल्यम साइक्सने दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ठेवली. कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, यालाही त्याने दख्खनच्या नावावरून शास्त्रीय नाव दिले होते. पण पीटर पॅलासने सायबेरियातल्या रानकुत्र्याला १८११ मध्येच नाव दिलेले असल्याने प्राधान्याच्या नियमाने पॅलासचे नाव टिकले. नंतर थॉमस जर्डनचे भारतीय पक्ष्यांवरचे खंड १८६२ ते १८६४ या काळात आले आणि हौशी अधिकाऱ्यांच्या हाती पक्षी ओळखण्याचे एक साधन पडले. ब्ल्यूइट त्याच पिढीतला.

ह्यूम हा मुलकी अधिकारी. पुढे १८८५ साली स्थापन झालेल्या काँग्रेसचा एक संस्थापक म्हणून इतिहासाला तो परिचित आहे. पण शास्त्राच्या दृष्टीने त्याचे मोठे काम पक्ष्यांचे आहे. ‘स्ट्रे फेदर्स’ हे भारतीय पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक त्याने काढले आणि देशभर पसरलेल्या अधिकाऱ्यांकडून नमुने मागवले. ब्ल्यूइटने पाठवलेले घुबड त्याला नेहमीच्या पिंगळ्यासारखे वाटले नाही. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे, राखी तपकिरी होते. पंख आणि शेपटीवर ठळक आडवे पट्टे होते, छाती गडद, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. बोटांवर दाट पिसे होती आणि नखर पिंगळ्यापेक्षा भक्कम होते.

एवढ्या फरकावर त्याला अथीनी वंशातली नवी जाती म्हणता आले असते. ह्यूमने एक पायरी वर जाऊन नवा वंशच कल्पिला. १८७३ साली ‘स्ट्रे फेदर्स’च्या पहिल्या खंडात त्याने या पक्ष्याचे वर्णन हेटेरोग्लॉक्स ब्ल्यूइटी या नावाने छापले. जातीच्या नावात ब्ल्यूइटचे नाव आले. एका नमुन्यावरून एक जाती आणि त्या एकाच जातीसाठी एक वंश असा हा निर्णय होता. दोन प्राणी एकाच जातीचे आहेत का याला निसर्गात काही कसोटी असते, कारण प्राणी स्वतःच जोडीदार निवडतात. वंशाची हद्द मात्र माणूस आखतो. कोणत्या लक्षणाला किती वजन द्यायचे हे त्या काळी जाणकाराच्या नजरेवर अवलंबून होते, आणि ह्यूमची नजर फरकावर पडणारी होती. इतरांनी साम्याला जास्त वजन दिले आणि हेटेरोग्लॉक्सला अथीनीत विलीन केले. तेव्हापासून ग्रंथांत या पक्ष्याची दोन्ही नावे चालू राहिली.

वाद मिटवायला नमुने हवे होते आणि ते मिळेनात. भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याला १८७७ साली खरियारकडे, आजच्या ओडिशात, एक रानपिंगळा मिळाला. त्यानंतर पक्षी मिळाला तो एकदम आठशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला. जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या मुलकी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्याच्या बाजूला, पाच पक्षी मारून त्यांची कातडी जतन केली. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारून, आतले मांस काढून, कातडी कापसाने भरून, पायाला ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधायची. ब्ल्यूइटचा एक, बॉलचा एक आणि डेव्हिडसनचे पाच, असे सात नमुने जगाच्या हाती होते. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंद थांबली.

ह्यूमचा संग्रह लंडनला गेला. शिमल्याच्या घरात ठेवलेली त्याची अनेक वर्षांची हस्तलिखिते नोकराने रद्दीत विकली आणि त्या धक्क्याने त्याने पक्ष्यांचे काम सोडले. १८८५ साली त्याने आपले सुमारे ८२,००० नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासाचा एवढा मोठा साठा देशाबाहेर गेल्याने पुढच्या शंभर वर्षांत कोणत्याही भारतीय अभ्यासकाला मूळ नमुना पाहायचा तर समुद्र ओलांडावा लागला. त्याच दशकात, १८८३ साली, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) स्थापन झाली आणि देशातच संग्रह उभा राहू लागला. पण त्या संग्रहात रानपिंगळा नव्हता.

विसाव्या शतकातली त्याची एकच नोंद प्रमाण मानली जात होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. माइनर्ट्झहागेनचा मोठा संग्रह १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आला आणि हा पक्षीही त्यात आला. मांडवी ही जागा सातही जुन्या नमुन्यांच्या ठिकाणांपेक्षा वेगळी होती आणि तारीख तीस वर्षांनी नंतरची होती. ज्यांना पक्षी शोधायचा होता ते साहजिकच गुजरातकडे वळले. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनीही शोध घेतला. रिप्ले यांनी १९७६ साली बीएनएचएसच्या नियतकालिकात या पक्ष्यावर लेख लिहून त्याच्या स्थानाचा पुन्हा विचार केला. जिवंत पक्षी कोणालाच दिसला नाही. अधूनमधून कोणी तो पाहिल्याचे किंवा त्याचे छायाचित्र घेतल्याचे सांगे, पण तपासल्यावर तो नेहमीचा ठिपकेदार पिंगळा निघे.

रिप्ले यांच्या पक्ष्यांवरच्या एका ग्रंथाच्या कामात असलेल्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा प्रश्न नमुन्यांपासून सोडवायला घेतला. माइनर्ट्झहागेनच्या संग्रहाबद्दल संशय आधीच होता. अॅलन नॉक्स यांनी १९९३ साली त्याचे काही नमुने इतरांच्या संग्रहांतून चोरून नव्या चिठ्ठ्या लावलेले असल्याचे दाखवून दिले होते. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९१४चा रानपिंगळा बारकाईने तपासला. प्रत्येक संग्राहकाची कातडी भरण्याची, टाके घालण्याची, पंख आणि पाय मांडण्याची स्वतःची पद्धत असते आणि ती हस्ताक्षरासारखी ओळखता येते. या पक्ष्याची मूळ भरणी उसवून तो नव्याने भरलेला होता, पण आत राहिलेल्या खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. म्युझियममधून डेव्हिडसनचा एक नमुना चोरला गेला होता आणि तोच खोट्या तारखेसह परत आला होता. १९९९ साली दोघांनी हे प्रसिद्ध केले. मांडवीची नोंद रद्द झाली. खरे ठिकाण खानदेश आणि खरा काळ १८८०च्या दशकाचा आरंभ, असे ठरले.

नैसर्गिक इतिहासात यापेक्षा घातक खोटेपणा क्वचितच आढळेल. नमुन्याचे सगळे शास्त्रीय मोल त्याच्या चिठ्ठीत असते. पक्ष्याची शरीरलक्षणे पाहून गट ठरवता येतो, पण तो कुठे राहतो, कोणत्या जंगलात, किती उंचीवर, हे चिठ्ठीवाचून कळत नाही. एका चिठ्ठीने पक्षिप्रेमींच्या कित्येक वर्षांच्या शोधाची दिशा चुकवली आणि त्या काळात पक्ष्याची खरी जंगले तुटत राहिली.

या तपासणीतून निघालेले निष्कर्ष छापून येण्याआधीच रासमुसेन यांनी ते कामाला लावले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, न्यूयॉर्कचे बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे भारतात आले. गुजरातकडे न जाता त्यांनी फक्त खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धरली. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी काही हाती लागले नाही. मैदानातले जंगल तुटून शेती झाली होती. मग ते डेव्हिडसनच्या खानदेशात आले. २५ नोव्हेंबरला सकाळी शहाद्याजवळ एका उघड्या फांदीवर बसलेले घुबड त्यांना दिसले. बिनठिपक्याचे डोके, पांढरे पोट, पिसांनी झाकलेले जाड पाय. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा पुन्हा नोंदला गेला, आणि या वेळी त्याचे छायाचित्रण झाले, बंदूक लागली नाही. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, वेगळा झाला.

जिवंत पक्षी मिळाल्यावर वर्गीकरणाला कातडीत नसलेला पुरावा मिळाला. बीएनएचएसच्या वतीने फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या सातपुड्यात त्याचा अभ्यास केला. हा पक्षी दिवसा चांगलाच जागा असतो, सकाळी उन्हात उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी बाजूला झटकतो. विरळ सागवानाच्या कोरड्या पानझडी जंगलात तो राहतो, सरडे, सापसुरळ्या आणि उंदीर खातो. त्याची हाक पिंगळ्याच्या चिरचिरण्यापेक्षा अगदी वेगळी आहे. रासमुसेन आणि इश्तियाक यांनी १९९९ मध्ये त्याच्या आवाजावर लेख प्रसिद्ध केला. घुबडांच्या बाबतीत आवाजाला मोठे महत्त्व आहे, कारण रात्री आपल्याच जातीची जोडी आवाजानेच ओळखली जाते. शरीर, वागणूक आणि आवाज या तिन्हींचा कौल ह्यूमच्या बाजूने जातो असे रासमुसेन यांना वाटले. २००५ साली जॉन अँडर्टन यांच्यासह त्यांनी काढलेल्या दक्षिण आशियाई पक्ष्यांच्या ग्रंथात हेटेरोग्लॉक्स हा वंश पुन्हा दिसला. इतर अनेक याद्यांत तो अथीनीतच राहिला.

वेगळेपण आणि नाते या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या वादाची गाठ तिथेच होती. डार्विनने १८५९ मध्ये उत्क्रांती मांडल्यावर वर्गीकरणाला वंशावळीचा अर्थ आला. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने १९५० साली त्याची काटेकोर कसोटी सांगितली. एका पूर्वजाची सगळी संतती ज्या गटात येते तोच गट खरा. एखादी शाखा कितीही वेगळी दिसू लागली तरी तिला बाहेर काढून उरलेल्यांचा गट करता येत नाही. भावंडांपैकी एकच उंच आणि गोरा निघाला तरी घराण्यातून वेगळा होत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे रानपिंगळा पिंगळ्यापेक्षा किती निराळा आहे हा प्रश्न मागे पडतो आणि त्याची शाखा अथीनीच्या झाडाला बाहेरून लागते की आतून फुटते हा प्रश्न पुढे येतो.

त्याचे उत्तर जनुकांत शोधता येते. पक्ष्यांच्या वरच्या पायऱ्यांवर जनुकांनी त्याआधीच उलथापालथ केली होती. चार्ल्स सिब्ली आणि जॉन अल्क्विस्ट यांनी १९९० साली डीएनएच्या तुलनेवरून घुबडांना रातव्यांच्या जवळ नेले. पुढच्या अधिक बारकाईच्या अभ्यासांत ते नाते टिकले नाही. मात्र २००८ पासून एक गोष्ट वारंवार सिद्ध होत गेली: ससाणे हे गरुड-घारींचे जवळचे नातलग नसून पोपटांच्या जवळचे आहेत. लिनीअसने एकत्र ठेवलेले गिधाड, ससाणा, घुबड आणि खाटीक आज चार निरनिराळ्या गणांत आहेत, आणि खाटीक तर चिमण्या-कावळ्यांच्या गणात बसतो. आकड्यासारखी चोच ही शिकार करणाऱ्या निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आली.

रानपिंगळ्याच्या जनुकांचा निकाल २०१८ मध्ये आला. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. पेशीतल्या तंतुकणिकांची जनुके फक्त आईकडून येतात आणि केंद्रकातली जनुके आई-बाप दोघांकडून. एकाच प्रकारावर विसंबले तर वंशावळ चुकू शकते, म्हणून दोन्ही पाहतात. भारतातल्या इतर घुबडांशी तुलना केल्यावर रानपिंगळ्याची शाखा अथीनीच्या आत फुटलेली आढळली. त्याला हेटेरोग्लॉक्स म्हणून बाजूला ठेवले तर अथीनी हा गटच अपुरा राहतो. ह्यूमला दिसलेले फरक खरे होते आणि आजही पक्षी ओळखायला तेच वापरले जातात. त्यांच्यावरून त्याने काढलेला वंश मात्र टिकला नाही.

महाराष्ट्रात रानपिंगळा आता नंदुरबारच्या सातपुड्यात, जळगावच्या यावल भागात, मेळघाटात आणि २०१४ पासून ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही नोंदला गेला आहे. तानसाची नोंद महत्त्वाची, कारण तोवर तो सातपुड्यापुरताच उरला असावा असे मानले जाई. नवीन ठिकाणे मिळत गेल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीतून ‘संकटग्रस्त’ या यादीत आणले. धोका टळलेला नाही. जुन्या झाडांच्या ढोल्या, विरळ सागवान आणि खाली मोकळी जमीन असे जंगल त्याला लागते, आणि नेमक्या अशाच जंगलावर शेतीचे अतिक्रमण आणि लाकूडतोडीचा ताण सर्वांत जास्त पडतो.

प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत एक अशी तरतूद आहे की जातीचा वंश बदलला तर मूळ वर्णन करणाऱ्याचे नाव आणि साल कंसात लिहायचे, म्हणजे हा पक्षी आधी दुसऱ्या वंशात होता हे वाचणाऱ्याला कळते. त्यामुळे रानपिंगळ्याचे पूर्ण शास्त्रीय नाव आता अथीनी ब्ल्यूइटी (ह्यूम, १८७३) असे लिहिले जाते.